किनाऱ्याचं ऋण

आमच्या गणपतीपुळ्यात डोंगर हाच देव, म्हणून प्रदक्षिणाही अख्ख्या डोंगराला. समुद्र त्याच्या पायाशी. माझ्या दोन खोल्या मी पाहुण्यांना देतो. सकाळी वाळूतल्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, कधी सुकलेला हार वेचतो.

तैत्तिरीय संहिता तीन ऋणं सांगते: ऋषींचं, देवांचं, पितरांचं. शतपथ ब्राह्मणात चौथं आहे, माणसांचं. ते फिटतं आसरा आणि अन्न देऊन. तेवढं मी फेडतो. पण पाहुणा ज्या वाळूवर बसला, तिचं ऋण त्याच्यावर नाही का?

दानपेटी ठेवा, असं काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. दान देणारा पुण्य मागतो. ऋण फेडणारा काही मागत नाही. म्हणून इथे करच हवा. टेक्ससमधल्या साउथ पाद्रे आयलंडला हॉटेल-करातला काही वाटा किनाऱ्याच्या सफाईसाठी परत मिळतो. आपला लक्झरी टॅक्स २०१७ मध्ये जीएसटीत गेला, आणि जीएसटी वाटून घेतात केंद्र आणि राज्य.

पुढच्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे: खोलीमागे रात्रीचे २० रुपये, फक्त किनाऱ्यासाठी. खोल्या देणाऱ्या गावकऱ्यांनो, त्या दिवशी या आणि हात वर करा.