वाटणीची वेळ

वरसाव्याच्या पुलावर उभे राहिले की वसईची खाडी समुद्राकडे जाताना दिसते. अलीकडच्या तीरावर घोडबंदरचा किल्ला, पलीकडे वसईचा मुलूख. या पाण्याने पोर्तुगिजांची गलबते पाहिली, मराठ्यांचीही पाहिली. याच तीरावरील आमच्या निवासात गेल्या पावसाळ्यात आम्ही एक ऐतिहासिक कादंबरी वाचली. परस्परांचे वैरी असलेले दोघे, तो आणि ती, चाच्यांच्या खजिन्याच्या शोधात नाइलाजाने सोबती होतात. अर्धा नकाशा त्याच्यापाशी, अर्धा तिच्यापाशी. खजिन्याची पेटी उघडेपर्यंत वैर विरते, प्रीती जडते आणि कथा संपते.

आम्हीही त्या कथेत रमलो. परंतु पुस्तक मिटल्यावर एक प्रश्न मनात राहिला. ज्यांना लोभाने एकत्र आणले, त्यांची एकी सद्‌गुण मानावी काय?

आपल्याच कोकण किनाऱ्यावर असा प्रसंग घडला आहे. १७५५ साली नानासाहेब पेशवे आणि मुंबईकर इंग्रज यांनी तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध करार केला. दोघांचाही परस्परांवर विश्वास नव्हता. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनचे आरमार व क्लाइव्हचे सैन्य विजयदुर्गावर चालून गेले. पेशव्यांची फौजही तेथे होती. तुळाजी मराठ्यांच्या छावणीत गेले आणि किल्ला इंग्रजांच्या हाती पडला. आत सुमारे १० लाख रुपयांचा ऐवज सापडला. इंग्रजांनी लुटीची वाटणी मुंबईहून निघण्यापूर्वीच आपसात ठरविली होती व तीत मराठ्यांना वाटा नव्हता. खुद्द इंग्रजांच्या आरमारात व पायदळातही वाट्यावरून कुरबूर झाली. करारात ठरलेला किल्ला मराठ्यांना मिळण्यास ऑक्टोबर उजाडला, तोही पुण्यास नवा तह झाल्यावर. दरम्यान आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले होते.

इंग्रज तुळाजींना चाचा म्हणत. आंग्र्यांचे दस्तक न घेणारे जहाज ते पकडीत, हे खरे. पण परवाना नसलेली जहाजे पोर्तुगीजही पकडीत असत. संत ऑगस्टीन यांनी सम्राट अलेक्झांडर आणि एका चाच्याची गोष्ट सांगितली आहे. दोघांचा उद्योग एकच, फरक फक्त जहाजांच्या संख्येचा, असे तो चाचा सम्राटाला सुनावतो. लुटारूंच्या टोळीतही करार असतो आणि वाटणीचा नियम असतो, हेही त्या संताने तेथेच नोंदविले आहे. म्हणजे भागीदारांनी परस्परांना दिलेला शब्द पाळला, एवढ्याने न्याय होत नाही. तो ऐवज मुळात कोणाचा, हा प्रश्न विजयदुर्गावर कोणी विचारला? ज्या व्यापाऱ्यांचा माल गेला, ज्या खलाशांनी श्रम केले, त्यांचे नाव कोणत्याच वाटणीत नव्हते.

वाचकहो, ही गोष्ट केवळ इतिहासाची नाही. महामार्गालगतच्या जमिनींना सोन्याचा भाव आला, तेव्हा वर्षानुवर्षे अबोला धरलेले दोन भाऊ आमच्याकडे एकत्र आले. जमीन विकायची होती आणि दोघांच्याही सह्या हव्या होत्या. दोघे एकाच रिक्षातून निबंधक कार्यालयात गेले, हे ऐकून आम्हाला आनंद झाला. समेट झाला असे समजून आम्ही त्यांना आशीर्वादही दिला. पैसा हाती आला आणि वर्षभरात अबोला परतला. परंतु आमची खरी चूक निराळीच होती. त्यांना एक विधवा बहीण आहे. तिच्याकडून हक्कसोडपत्र घेतले होते. तिने ते राजीखुशीने दिले काय, असे आम्ही विचारले नाही. भाऊ एकत्र आले, यातच आम्ही धन्यता मानली.

वैऱ्यांनी एकत्र येणे वाईट, असे आम्हाला म्हणायचे नाही. ॲरिस्टॉटल उपयोगापुरत्या मैत्रीलाही मैत्री म्हणतो. मात्र उपयोग सरताच ती सरते, असेही तो बजावतो. ती टिकावी असे वाटत असेल तर सोबत्याकडे माणूस म्हणून पाहावे लागते, आणि वाटणीला बसण्यापूर्वी तेथे नसलेल्या तिसऱ्याचे नाव घ्यावे लागते. भावाने वतन वाटून द्यावे म्हणून एक जण प्रभू येशूकडे आला, तेव्हा प्रभूने वाटणी करण्याचे नाकारले आणि लोभापासून सावध राहण्यास सांगितले. आम्ही मात्र सावध न करताच आशीर्वाद दिला.

गेल्या आठवड्यात आम्ही त्या बहिणीच्या घरी गेलो. तिने चहा केला. जमिनीचा विषय काढला नाही. तो आम्हीच काढला. आता दोघा भावांना बोलाविले आहे, आणि या वेळी तीही तेथे असेल.