काळ्या चिमणीचा खटला

एखादी गोष्ट अर्थ न लावता तशीच सोडून देणे हे आम्हा मध्यमवर्गीयांच्या रक्तातच नाही. मांजर आडवे गेले तरी आम्ही त्याचा अर्थ लावतो. मांजराला बिचाऱ्याला फक्त पलीकडे जायचे असते. मग सिनेमात एखादी वस्तू चार वेळा दिसली आणि दिग्दर्शकाने खुलासा केला नाही, तर आमची काय अवस्था होत असेल, विचारूच नका.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' १४ फेब्रुवारी २०१४ रोजी, म्हणजे ऐन प्रेमिकांच्या दिवशी, चित्रपटगृहांत आला. तेव्हापासून आमच्या धरमपेठेतल्या मित्रमंडळात काळ्या चिमणीचा खटला चालू आहे. अजून तारखाच पडताहेत. कैकाडी घरातला शाळकरी जब्या लांब शेपटीच्या एका काळ्या चिमणीमागे बेचकी घेऊन रानोमाळ हिंडतो. ती जाळून तिची राख वर्गातल्या शालूवर टाकली की शालू वश होईल, अशी त्याची समजूत. चिमणी पुन्हा पुन्हा दिसते, उडते, आणि शेवटपर्यंत त्याच्या हाती लागत नाही.

"अप्राप्याचे प्रतीक!" आमच्यातले निवृत्त प्राध्यापक म्हणाले. त्यांच्या लेखी हाती न लागणारे सगळेच अप्राप्य. त्यात त्यांची पेन्शनची थकबाकीही आली. बँकेतले गृहस्थ म्हणाले, "काळी म्हणजे जात. सोपं आहे," आणि हिशेब जुळल्यासारखे हात झटकून मोकळे झाले. पक्षिवेड्या स्नेह्यांनी तर खटलाच फेटाळला. "मुळात ती चिमणीच नव्हे! चिमणीला एवढी शेपटी असते काय, राजेहो?"

मला वाटते, आमची ही चर्चा ऐकून सर्वांत जास्त चकित झाला असता तो जब्या. त्याच्या दृष्टीने चिमणी प्रतीक वगैरे नाहीच. ते औषध आहे. भुकेल्याला भाकरी कशाचे प्रतीक आहे, असे विचारण्यातलाच हा प्रकार.

आणि गंमत पाहा, डुकराचा अर्थ कोणी विचारत नाही! 'फँड्री' म्हणजे कैकाडी भाषेत डुक्करच. तेही सारखे दिसते. गावाच्या देखत जब्याच्या घरच्यांना ते धरावे लागते. ऐन पकडायच्या वेळी शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या ताठ उभा राहतो, पाठोपाठ घरचेही उभे राहतात, आणि डुक्कर तेवढे शांतपणे निघून जाते. आमचे मंडळ इथे हसले. हसून झाल्यावर कोणी कोणाकडे पाहिले नाही.

अर्थ लावण्याला माझा विरोध नाही. पण अर्थ लावायला आपण कोणती वस्तू निवडतो, याचाही एकदा अर्थ लावावा. चिमणीवर तर्रीपोहे खाता खाता तासभर बोलता येते. डुकरावर बोलायचे तर आपल्या मोहल्ल्यातली नाली कोण उपसतो इथपर्यंत यावे लागते, आणि तोवर तर्री गार होते. उलगडत नाही ते आपण सोडवत बसतो. उलगडलेले असते, त्याच्याकडे मात्र वेळ नसतो.

पकडलेले डुक्कर बांबूला बांधून नेताना मागे शाळेची भिंत दिसते. भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा. गाडगेबाबा तर आमच्या वऱ्हाडातलेच. आणि धरमपेठेतून दीक्षाभूमीला रिक्षाने कितीसा वेळ लागतो? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो माणसांनी तिथे जो निर्णय घेतला, तो काही प्रतीकात्मक नव्हता. पण मंडळात भिंतीचा विषय निघाला तेव्हा प्राध्यापक कॅमेऱ्याच्या कोनाबद्दल बोलले.

शेवटी छळणाऱ्याच्या रोखाने जब्या दगड भिरकावतो. तो थेट पडद्यातून आपल्याकडे येतो, आणि अंधार. माझ्या आत्याने हा सिनेमा आमच्याकडे टीव्हीवर पाहिला. वय पंचाऐंशी, सिनेमाचे ज्ञान शून्य. त्या दिवशी मंडळ आमच्याच घरी होते. प्राध्यापक तिला समजावू लागले, "आत्याबाई, तो दगडही प्रतीकच आहे बरं का."

"असंन बाप्पा," आत्या म्हणाली. "मी तर डोकं खाली घेतलं."

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. बँकवाल्यांनी चहा मागितला. चिमणीची पुढची तारीख रविवारची पडली आहे.