गव्हाण सजविण्यापूर्वी

बाळ येशूचे दैन्य लोकांना डोळ्यांनी पाहता यावे म्हणून असिसीच्या फ्रान्सिसने इ. स. १२२३ च्या नाताळात इटलीतील ग्रेच्यो गावी गव्हाण, गवत, बैल व गाढव आणविले. आज आपली मुले घरी व संडेस्कूलमध्ये गव्हाण सजवितात. यंदा सजावटीपूर्वी त्यांच्या हाती पवित्र शास्त्र द्यावे. एका गटाने लूक २:१-२० व दुसऱ्याने मत्तय २:१-१२ वाचून पात्रांची यादी करावी. बैल व गाढव तेथे नाहीत, मागी लोक तीनच होते असेही लिहिलेले नाही, हे मुलांनाच आढळेल. लूक २:७ मधील ‘उतारशाळा’ या शब्दामागील मूळ ग्रीक शब्द लूक २२:११ मध्ये पाहुण्यांच्या खोलीसाठी येतो, हेही त्यांना दाखवावे. उतारशाळा असो वा खोली, त्यांच्यासाठी तेथे जागा नव्हती, हे मात्र स्पष्ट आहे.

म्हणून नाताळच्या आदल्या रात्रीपर्यंत गव्हाण रिकामी ठेवावी. प्रीतीचे एक कृत्य केले की मुलाने तीत गवताची एक काडी घालावी. आणि पालकहो, नाताळच्या जेवणास एखाद्या एकाकी शेजाऱ्याला बोलवावे. दुसऱ्याला जागा देणे मुले आपल्याला पाहूनच शिकतात. प्रभू आपणांस तशी कृपा देवो.