त्या खुर्चीवर कोण बसणार?



बारावीचा निकाल लागला की डॉक्टर की इंजिनिअर, हीच चर्चा घराघरांत चालते. आज आपल्या युवक-युवतींना आणखी एक वाट दाखवावीशी वाटते. ती आहे वैद्यकीय नीतिशास्त्राची.

अतिदक्षता विभागाबाहेर एक कुटुंब बसलेले असते. बाबांचा व्हेंटिलेटर चालू ठेवायचा का, असे डॉक्टर विचारतात. थोरला म्हणतो, काढला तर पाप लागेल. धाकटीला बाबांचे हाल बघवत नाहीत. अशा वेळी त्यांच्या शेजारी बसून हा गुंता सोडवणारे जाणते माणूस हवे असते.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग आठवा. १९७३ साली झालेल्या हल्ल्यानंतर त्या अंथरुणाला खिळल्या, त्या २०१५ साली निधन होईपर्यंत. त्यांना अन्न भरवणे थांबवावे, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली फेटाळली. केईएमच्या परिचारिकांनी त्यांची सेवा शेवटपर्यंत सोडली नाही.

ख्रिस्तसभा शिकवते की रुग्णाचा जीव घेणे कधीही योग्य नाही. मात्र ज्या उपचारांत लाभापेक्षा जाच फार अधिक, ते थांबवणे म्हणजे हत्या नव्हे. वेदना कमी करणे, निगा राखणे, सोबत करणे हे तर चालूच राहते. बोलायला हे सोपे वाटते. पण प्रत्येक खाटेपाशी ते नव्याने पारखावे लागते. त्यासाठी अभ्यास लागतो.

नव्या औषधांच्या चाचण्या तपासणाऱ्या नीतिसमितीत किमान ७ सदस्य हवेत, असे २०१९ चे नियम सांगतात. त्यांत एक सामान्य नागरिक, एक स्त्री आणि एक कायदेतज्ज्ञ असायलाच हवा. शिवाय समाजशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ, नीतितज्ज्ञ किंवा ईशज्ञानी अशांपैकी एकाची जागा आहे. कायद्याने खुर्ची मांडून ठेवली आहे. तिच्यावर गरीब रुग्णाची बाजू समजणारे कोणी बसले पाहिजे.

या वाटेवर वैद्यक, नर्सिंग, कायदा, समाजकार्य, तत्त्वज्ञान यांपैकी कशातूनही येता येते. आधी एक विषय पक्का करावा, मग नीतिशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास करावा. १९९३ साली मुंबईत सुरू झालेले 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' हे इंग्रजी नियतकालिक चाळून पाहावे. पालकांनो, एक गोष्ट मात्र खरी. या क्षेत्रात स्वतंत्र पगाराच्या जागा थोड्या आहेत. बरेच जण आपला मूळ पेशा सांभाळून हे काम करतात.

लूकच्या शुभवर्तमानातील शोमरोनी जखमी माणसापाशी नुसता हळहळत उभा राहिला नाही. जखमेला काय लावायचे आणि ती कशी बांधायची, हे त्याला ठाऊक होते. उतारशाळेत पोहोचवल्यावरही त्याने जबाबदारी झटकली नाही. दयेला ज्ञानाची जोड मिळाली, म्हणून तो माणूस वाचला.

आज जेवताना आपल्या मुलांना विचारा, "थोरल्याचे बरोबर की धाकटीचे?" जे मूल उत्तराची घाई न करता आधी बाबांची अवस्था विचारील, त्याच्याकडे नीट लक्ष द्या. कदाचित प्रभूचे पाचारण त्यालाच असेल.