नेतृत्वाचा रकाना

आमच्या घरात नेतृत्वगुण माझ्याकडून आलेले नाहीत, याबद्दल सर्वांचं एकमत आहे. बँकेत इतकी वर्षं काउंटरच्या आत बसून मी नेतृत्व केलं ते फक्त रांगेचं. आणि तेही उलट्या बाजूनं. कन्या मात्र आईवर गेली आहे. वर्गाची मॉनिटर, सकाळच्या प्रार्थनेनंतर माइकवरून दिनविशेष वाचणार, आणि घरी आल्यावर आम्हां दोघांची हजेरी घेणार.

ती नववीत असताना शाळेनं एक फॉर्म काढला. वर्षभरात समाजासाठी काय केलं, किती तास केलं आणि ‘त्यातून कोणते नेतृत्वगुण दाखवले’ हे पन्नास शब्दांत लिहायचं. खाली पालकांची सही. सेवेचे तास मोजायची पद्धत काही नवी नाही. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, राष्ट्रीय सेवा योजना निघाली. तिच्यातल्या कॉलेजच्या मुलांनाही वर्षाला १२० तास भरावे लागतात. बँकेतल्या माणसाला तासांच्या हिशेबात गैर वाटायचं कारण नाही. पण गावात शिरल्याबरोबर खराटा हातात घेणाऱ्या आणि रात्री कीर्तनाला उभे राहणाऱ्या गाडगेबाबांनी हा फॉर्म कसा भरला असता, असं उगाचच मनात येऊन गेलं. त्यांना तर लेखनिकच लागला असता.

वर्गातल्या बहुतेकांनी विसर्जनाच्या घाटावर निर्माल्य गोळा करून, फोटोसकट, रकाना भरून टाकला होता. कन्येला नेमका त्या दिवशी ताप. म्हणून मार्च महिन्यात ती दहावीच्या एका दृष्टिहीन मुलाची लेखनिक झाली.

या लेखनिकाच्या पदाची पात्रता मोठी मजेची आहे. इतर सगळ्या जागांसाठी ज्ञान लागतं. इथं अज्ञान लागतं. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला हवा, म्हणजे आपलं डोकं चालवण्याचा प्रश्नच नको. नियम करणाऱ्यांना बिचाऱ्यांना क्लासवाल्यांची कल्पना नसावी. आमच्या कन्येचा दहावीचा इतिहास नववीच्या दिवाळीतच अर्धा झाला होता.

मुलगा हुशार होता. ब्रेलमधली पुस्तकं बोटांखालून भराभर सरकवायचा. (ही लिपी लुई ब्रेलनं १८२४ साली बसवली तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. त्याच्याकडे नेतृत्वाचा फॉर्म नव्हता, म्हणून वेळ मिळाला असावा.) वेगळी खोली, एक पर्यवेक्षक, दोन तासांच्या पेपराला चाळीस मिनिटं जास्त. तो सांगायचा, ही लिहायची. मराठीपासून सगळं सुरळीत चाललं होतं.

इतिहासाच्या दिवशी मात्र कन्या घरी आली ती दप्तर न ठेवताच खुर्चीवर बसली.

“बाबा, मी आज मुद्दाम चुकीचं लिहिलं.”

‘दर्पण’ हे वृत्तपत्र कोणी सुरू केलं, असा एका मार्काचा प्रश्न. मुलानं ठामपणे सांगितलं, लोकमान्य टिळक. आता ६ जानेवारी १८३२ आणि बाळशास्त्री जांभेकर ही जोडी आमच्या कन्येनं दरवर्षी माइकवरून शाळेला ऐकवलेली. पेन थबकलं. “लिहिलंस?” त्यानं विचारलं. “हो दादा,” म्हणून हिनं टिळक लिहिले.

सौभाग्यवतींचा निकाल ताबडतोब लागला. “एका मार्कानं काय आकाश कोसळणार होतं? लिहायचं जांभेकर! त्याला डोळ्यांनी पारखं केलं तेव्हा देवानं कुठे नियम पाळला?”

मी कॉमर्सचा पदवीधर. म्हटलं, “व्हाउचरवर जे असेल तेच लेजरात जायचं. बरोबर केलंस.”

“पण तुमच्या पेनाला उत्तर माहीत नसतं, बाबा. मला होतं.”

यावर मला आमचे एक पेन्शनर आजोबा आठवले. नजर अधू, हात थरथरायचा, म्हणून पैसे काढायची स्लिप मी भरून द्यायचा. नियमात बसतं की नाही ते सोडा. महिन्याच्या दोन तारखेला सगळी पेन्शन काढायची आणि दारात मोटारसायकल चालू ठेवून उभ्या असलेल्या पुतण्याच्या हातात ठेवायची. चार महिने मी पाहिलं. पाचव्या महिन्यात राहवलं नाही. हळूच म्हणालो, “आजोबा, दोन हजार राहू द्यात खात्यात.”

“पैसे तुझे का माझे?”

“तुमचे.”

“मग लिही!”

सगळ्या शाखेनं ऐकलं. मी मुकाट लिहिलं. पुढच्या महिन्यापासून आजोबा शेजारच्या काउंटरला उभे राहू लागले. तिथल्या बाईंनी स्लिप निमूटपणे भरून दिली. आजोबांचं भलं कुणी केलं, त्यांनी की मी, याचा ताळेबंद मला आजवर जुळलेला नाही. मी ही गोष्ट सांगितली आणि कन्येचं समाधान झालं असावं, असं मी समजून चाललो.

भूगोलाच्या पेपराला तो मुलगा भेटल्याबरोबर म्हणाला, “अगं, दर्पण जांभेकरांचं! फाटकाबाहेर पडलो आणि आठवलं. तुला ठाऊक होतं?”

खोटं बोलणं हिला जमत नाही. तेही आईवर गेलंय. “हो,” म्हणाली.

“मग एकदा खाकरायचंस तरी!”

आणि हसला म्हणे. ते हसणं गमतीचं होतं की रागाचं, हे हिला ठरवता येईना. मला वाटतं, दोन्ही असावं. एक मार्क गेल्यावर कोण नुसतं गमतीनं हसतं?

त्या रात्री जेवताना तिनं आणखी एक बाहेर काढलं. मराठीच्या पेपरात त्यानं निबंध सांगितला होता. आईच्या आशीर्वादाबद्दल होता काहीतरी. हिनं सगळीकडे ‘आशिर्वाद’ लिहिलं, पहिली वेलांटी. चार ठिकाणी. घरी येऊन शब्दकोश उघडला तेव्हा कळलं.

“म्हणजे बघा ना, मला जे येत होतं ते मी त्याला दिलं नाही, आणि जे येत नव्हतं ते दिलं.”

सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिलं. मी आमटीकडे पाहिलं. नियम करणाऱ्यांनी ज्ञानाचा बंदोबस्त केला, अज्ञानाचा केला नव्हता. पण हे वाक्य मला दुसऱ्या दिवशी बसमध्ये सुचलं. त्या वेळी मी, “आमटी वाढ जरा,” एवढंच म्हणालो.

फॉर्म द्यायच्या आदल्या संध्याकाळी कन्येनं तो माझ्यापुढे ठेवला. इतके पेपर लिहून मनगट दुखत होतं. “मी सांगते, तुम्ही लिहा.”

मी पेन घेतलं. तिनं सांगितलं: “मी एका विद्यार्थ्याचे पेपर लिहिले. तो सांगेल तसे. शुद्धलेखनाच्या चुका माझ्या.”

“आणि नेतृत्वगुण?”

“एवढंच.”

पन्नास शब्दांची जागा, शाळेत नाव जायचं, मुलीचा प्रश्न. बापाचं मन म्हणजे काही व्हाउचर नव्हे. मी खाली हळूच ‘संयम, सचोटी व निर्णयक्षमता’ असं जोडून दिलं.

तिनं कागद ओढून घेतला, वाचला, आणि माझ्याकडे अशी पाहिली की मला शेजारच्या काउंटरची रांग दिसली.

“हे मी सांगितलं होतं?”

“नाही.”

“मग खोडा.”

मी खोडलं. खाडाखोड झाली की तिथं सही करायची, ही बँकेतली सवय, तीही केली. पन्नासांपैकी अकरा शब्द उरले.