आवाजाची साक्ष

लिहिलेला शब्द अधिक विश्वासार्ह कीं बोललेला, हा वाद फार जुना आहे. न्यायालयांत लेखाला मान अधिक. घरांत मात्र माणसाचा आवाज ऐकल्यावांचून आपली खात्री पटत नाहीं. परगांवीं राहणाऱ्या मुलाचा खुशालीचा मजकूर हातीं आला तरी आई म्हणते, "एकदां बोल, म्हणजे मला कळेल." शब्द फसवतील, पण आवाज फसवणार नाहीं, अशी आपली एक भाबडी समजूत असते. ही समजूत तपासून पाहण्याचा प्रसंग माझ्यावर एका अनपेक्षित वाटेनें आला.

संध्याकाळीं फिरावयास जातांना पुस्तकें ऐकण्याची मला अलीकडे संवय लागली आहे. त्यांतही पाश्चात्य रॉक संगीतकारांचीं आत्मचरित्रें आणि त्यांच्या बँडचे इतिहास मी विशेष आवडीनें ऐकतों. एके दिवशीं एक वृद्ध वादक आपल्या तारुण्यांतील दौऱ्याची हकीकत सांगत होता. रात्रभर चाललेला धिंगाणा, हॉटेलांतील खोलीची मोडतोड आणि पहाटे केलेलें पलायन! त्या घोगऱ्या आवाजांत मिस्किलपणा इतका मुरलेला होता कीं मी भर रस्त्यांत एकटाच हंसलों. पुढें कांहीं दिवसांनीं तेंच प्रकरण छापील पुस्तकांत वाचलें, तेव्हां हंसूं आलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती खोली कोणी आवरली असेल, हा प्रश्न वाचतांना सहज सुचला. ऐकतांना तो सुचला नव्हता. शब्द तेच होते, आणि ते ग्रहण करणाराही मीच होतों. मग माझी विवेकबुद्धि कानांच्या वाटेवर कोठें हरवली?

या पुस्तकांचा प्रकारच विलक्षण आहे. ब्रूस स्प्रिंगस्टीन यानें २०१६ सालीं 'बॉर्न टु रन' हें आत्मचरित्र लिहिलें आणि तें स्वतःच वाचून ध्वनिमुद्रित केलें. बापाचें मनोदौर्बल्य, आपल्या वांट्यास आलेली उदासीनता, त्यावर घेतलेले उपचार, हें सारें तो स्वमुखानें सांगतो. पॅटी स्मिथ हिनें 'जस्ट किड्स' हें २०१० सालचें पुस्तक असेंच स्वतः वाचलें आहे. उलट कीथ रिचर्ड्स याच्या 'लाइफ' या आत्मचरित्राचा बराचसा भाग जो हर्ली आणि जॉनी डेप यांनीं वाचला असून रिचर्ड्सचा स्वतःचा आवाज कांहीं भागापुरताच ऐकूं येतो. बॉब डिलन याचें 'क्रॉनिकल्स' तर शॉन पेन या नटानें वाचलें आहे. म्हणजे 'मी' हा शब्द एकाचा आणि कंठ दुसऱ्याचा! तरीही ऐकतांना आपण तो 'मी' निमूटपणें मान्य करतों.

येथेंच पहिली शंका उत्पन्न होते. परक्याच्या कंठांतून आलेल्या 'मी'वर आपला विश्वास बसत असेल, तर तो विश्वास सत्यावर बसतो कीं अभिनयावर? डिलनच्या त्या पुस्तकांतील कित्येक वाक्यें जॅक लंडन, मार्क ट्वेन इत्यादिकांच्या लिखाणांतून उचललेलीं आहेत, असें पुढें अभ्यासकांनीं दाखवून दिलें. ऐकणाऱ्याला मात्र तीं वाक्यें एका कवीच्या अंतःकरणांतून नुकतींच उमललेलीं वाटतात. स्प्रिंगस्टीन अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर २०१७ सालीं सुरू झालेल्या आपल्या प्रयोगांत त्यानें प्रेक्षकांना उघड सांगितलें कीं, ज्या कारखान्यांतील कामगारांचीं गाणीं गाऊन आपण नांव मिळविलें, तो कारखाना आपण आंतून कधीं पाहिलाही नाहीं. तथापि ही कबुलीही त्यानें रंगभूमीवरूनच दिली आणि तिला टाळ्या मिळाल्या, हें विसरून चालणार नाहीं. ज्याचा व्यवसायच आवाजानें मनें हलविण्याचा आहे, त्याच्या आवाजाचा कंप हा सत्याचा पुरावा कसा मानावा? त्या कंपावरून फार तर इतकेंच सिद्ध होतें कीं, बोलणाऱ्याला आज दुःख होत आहे. त्या वेळीं काय घडलें, आणि तें कोणाला सोसावें लागलें, याविषयीं आवाज कांहींच सांगूं शकत नाहीं.

ही अडचण आजची नव्हे. रूसोनें आपले 'कबुलीजबाब' छापण्यापूर्वीं पॅरिसमध्यें १७७० च्या अखेरीपासून निवडक मंडळींपुढें स्वतः वाचून दाखविले. त्याची पूर्वींची स्नेही मादाम देपिने हिला आपलें खाजगी जीवन असें चव्हाट्यावर येण्याचें भय वाटलें, आणि तिनें पोलिसांच्या प्रमुखाकडे जाऊन हीं वाचनें थांबविण्याची विनंती केली. तिचें करणें क्षुद्र होतें असें म्हणणें सोपें आहे. परंतु तिच्या बाजूनें पाहिलें तर दिवाणखान्यांत बोलणारा एकच, त्याचा आवाज भावपूर्ण, श्रोते मुग्ध, आणि ज्यांच्याविषयीं बोललें जात आहे ते तेथें हजर नाहींत! त्याच ग्रंथांत रूसोनें आपलें एक जुनें पातक सांगितलें आहे. सोळा वर्षांचा असतां त्यानें एका घरांतून फीत चोरली आणि ती चोरी मारियों नांवाच्या गरीब स्वयंपाकिणीच्या माथीं मारली. दोघांनाही नोकरी गमवावी लागली. रूसोला पश्चात्ताप झाला, तो जन्मभर टिकला आणि त्यांतून एक अमर प्रकरण निर्माण झालें. मारियोंचें पुढें काय झालें, हें मात्र रूसोलाही कळलें नाहीं. कबुली साऱ्या जगानें ऐकली. जिला ऐकविणें अवश्य होतें, तिच्यापर्यंत ती पोहोंचलीच नाहीं.

रॉक संगीताच्या इतिहासांत अशा मारियों पुष्कळ आहेत. 'द डर्ट' हें मॉटली क्रू या बँडच्या चौघांचें २००१ सालचें पुस्तक म्हणजे उच्छृंखल जीवनाची जणू बखरच आहे. त्या बँडचा गायक विन्स नील यानें ८ डिसेंबर १९८४ रोजीं कॅलिफोर्नियांत दारूच्या नशेंत मोटार चालविली. तिला झालेल्या अपघातांत त्याच्या शेजारीं बसलेला हॅनोई रॉक्स या बँडचा ड्रमवादक, सारे ज्याला रॅझल म्हणत, तो मरण पावला. त्याचें वय अवघें चोवीस वर्षांचें होतें. दुसऱ्या मोटारींतील दोघांना गंभीर दुखापती झाल्या. नीलला तीस दिवसांची कैद झाली, त्यांतलेही कांहीं दिवस माफ झाले, आणि सुमारे छब्बीस लाख डॉलर भरपाई द्यावी लागली. दुःख त्याला झालें नसेल असें मी म्हणत नाहीं. दुसऱ्याच्या अंतःकरणाचा थांग घेण्याचा अधिकार मला नाहीं. परंतु २००३ सालीं त्या बँडच्या जुन्या गाण्यांचा जो संच बाजारांत आला, त्याचें नांवच 'मोटार धडकविण्यासाठीं संगीत' अशा अर्थाचें होतें. ज्या घटनेची कबुली पुस्तकांत दिली, तीच घटना दोन वर्षांनीं विक्रीच्या वेष्टनावर विनोद म्हणून छापली गेली. पश्चात्ताप आणि प्रौढी यांतील अंतर किती अल्प असूं शकतें, याचें याहून बोलकें उदाहरण मला आठवत नाहीं.

कोणी म्हणेल, मग हीं पुस्तकें ऐकूंच नयेत काय? मला तसें वाटत नाहीं. पाप झांकून ठेवणाऱ्या समाजापेक्षां तें बोलून दाखविणारा समाज केव्हांही बरा. शिवाय आवाजांत एक गुण असा आहे कीं, तो अनुपस्थित माणसालाही उपस्थित करूं शकतो. पॅटी स्मिथनें आपला मित्र रॉबर्ट मॅपलथॉर्प याला त्याच्या मृत्यूपूर्वीं वचन दिलें होतें कीं, मी आपली कथा लिहीन. तो १९८९ सालीं वारला. वचन पुरें होण्यास वीस वर्षांवर काळ लोटला. तिचा साधा, कांहींसा अडखळता स्वर ऐकतांना जाणवतें कीं, येथें बोलणारी व्यक्ति स्वतःसाठीं क्षमा मागत नसून दुसऱ्यासाठीं जागा करून देत आहे. मला वाटतें, कसोटी हीच असावी. ज्या आत्मकथनांत इतरांना जागा आहे तें कथन. ज्यांत इतर सारे केवळ सामान आहेत तें प्रदर्शन.

परंतु बोलणाऱ्याची कसोटी ठरविली म्हणजे ऐकणाऱ्याचें काम संपत नाहीं. 'द बँड' याच नांवाच्या प्रसिद्ध समूहाचा ड्रमवादक आणि गायक लेव्हॉन हेल्म यानें १९९३ सालच्या आपल्या पुस्तकांत तक्रार केली कीं, सर्वांनीं मिळून घडविलेल्या गाण्यांचें श्रेय आणि उत्पन्न मुख्यतः रॉबी रॉबर्टसन याच्याकडे गेलें. रॉबर्टसननें २०१६ सालीं आपली बाजू सांगितली. पण हेल्म २०१२ सालींच निवर्तला होता. त्याच्या अखेरच्या दिवसांत रॉबर्टसन त्याला रुग्णालयांत भेटून आला, तोंपर्यंत बोलण्याची वेळ टळून गेली होती. आज त्या पांचांपैकीं एकही हयात नाहीं. भाऊबंदकी आपल्याकडे काय थोडी आहे? त्यामुळें ही कथा परकी वाटत नाहीं. जो एकाचेंच ऐकतो, तो त्याचा पक्षकार बनतो. आणि ज्याचा आवाज अधिक गोड, त्याचा पक्ष आपण अधिक लवकर घेतों. दोन्ही पुस्तकें हातीं घेतल्याशिवाय या वादांत मत देण्याचा आपल्याला अधिकार नाहीं, आणि तीं घेतल्यावरही बहुधा मत देण्याची उतावीळ उरत नाहीं.

आपल्या परंपरेंत श्रवण ही पहिली भक्ति मानली आहे. भक्तीला शंका चालत नाहीं. परंतु माणसाची कबुली ऐकणें ही भक्ति नव्हे, ती साक्ष ऐकणें आहे. कानाशीं एकांतांत बोलणारा आवाज आपल्याला नकळत धर्मगुरूच्या आसनावर बसवितो, आणि आपणही मनोमन म्हणतों, "जाऊं द्या, झालें तें झालें." हें बोलण्याचा अधिकार कोणाचा? ज्याचें कांहीं गेलें त्याचा. रॅझलच्या आप्तांनीं क्षमा करावी अथवा करूं नये. मारियोंनें करावी अथवा करूं नये. आम्ही श्रोत्यांनीं ती परस्पर वांटणें म्हणजे दुसऱ्याच्या धनावर दानशूर होणें होय.

मी आतांही संध्याकाळीं ऐकतों. हंसूं येतें तेथें हंसतोंही. तेवढा साधुपणा माझ्या अंगीं नाहीं. मात्र हंसलों कीं यंत्र क्षणभर थांबवितों, आणि त्या शांततेंत ती खोली आवरणारें कोणी दिसतें काय, तें पाहतों. त्या माणसाचें पुस्तक कोणी काढलेलें नाहीं. ज्याचा आवाज मुद्रित झाला नाहीं, त्याच्यासाठीं माझ्याजवळ देण्यासारखें एवढेंच आहे: माझा हा क्षणभराचा थांबा.