आयता प्रोग्रॅम

गोव्यातल्या कॉलेजांत २०२३ साली नव्या शैक्षणिक धोरणाची चार वर्षांची पदवी सुरू झाली. मेजर, मायनर, क्रेडिट ही परदेशी विद्यापीठांची रचना गावोगावच्या मुलांपुढे येऊन ठेपली. पुढच्याच वर्षी पेडणे तालुक्यातल्या पार्से गावची एक मुलगी म्हापशाजवळच्या कॉलेजात संगणकशास्त्राला आली. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, हुशार. पण वर्गात शंका विचारायची म्हटलं की तिचा घसा कोरडा पडायचा.

दुसऱ्या वर्षाला असलेला डिचोलीचा एक मुलगा मदतीला आला. एका क्रेडिटला पंधरा तास, प्रात्यक्षिकाला तीस, हे गणित त्याने तिला कागदावर मांडून दिलं. पहिली असाइनमेंट आली तेव्हा आपला जुना प्रोग्रॅमही देऊन टाकला. दिलेली संख्या मूळ आहे का, हे सांगणारा.

प्रयोगशाळेत सरांनी त्यात १ घालून पाहिला. उत्तर आलं, मूळ संख्या.

"दुरुस्त कर बघू."

१ मूळ नसतो, हे तिला शाळेपासून ठाऊक होतं. पण त्या परक्या ओळींत हात कुठे घालायचा, तेच कळेना.

संध्याकाळी बसस्टँडवर ती एवढंच म्हणाली, "दादा, सगळ्यांसमोर नुसती उभी राहिले."

त्याला ते फार लागलं. अशी मदत मायेपोटीच होते, म्हणून तिच्यातला अपाय लवकर दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने लॅपटॉप मिटायला लावला. तिचे वडील गावच्या दशावतारात काम करतात, हे त्याला माहीत होतं.

"बाबा संवाद पाठ करतात?"

"छे! लिहिलेले संवाद नसतातच. आख्यान ठाऊक असतं, बोलणं तिथल्या तिथे सुचतं."

"मग या प्रोग्रॅमचं आख्यान सांग."

संख्या घ्यायची. दोनपेक्षा लहान असेल तर तिथेच नाही म्हणायचं. मग दोनपासून एकेका संख्येने भागत जायचं... पण कुठवर? ती अडली. उत्तर त्याला येत होतं, तरी तो बोलला नाही. तिथे कागदावर खूण करायला लावली आणि तो कागद घेऊन सरांकडे पाठवलं. एकटी जाईना, म्हणून दारापर्यंत सोबत गेला. आत मात्र गेला नाही.

सरांनी तिला ३६ चे विभाजक जोड्यांनी लिहायला सांगितले. सहाच्या पुढे त्याच जोड्या उलट्या येतात, हे तिचं तिलाच दिसलं. वर्गमुळापर्यंत भागलं की पुरे!

पुढच्या तासाला पहिली शंका तिने विचारली. तिच्या मागोमाग आणखी दोघांनी हात वर केले.